तुळसाबाईंची बहात्तर पुस्तकं

मध्य प्रदेशातल्या आमच्या वॉर्डात बुद्धविहाराच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं एकच कपाट आहे आणि त्याला वाचकही एकच, हिरालाल. कचेरीतून निवृत्त झालेला हा टायपिस्ट दर महिन्याला वाचलेली पुस्तकं रजिस्टरात तारखेसह लिहितो. एखादं पान वाचायचं राहिलं तर तेही नोंदवतो. एवढा खरेपणा लोकांनी बायोडाट्यात दाखवला, तर बालाघाटात एकही लग्न जमणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत विहाराच्या समितीनं ठरवलं, महिन्याला दहा मराठी पुस्तकं वाचली गेली नाहीत, तर कपाटात स्पर्धा परीक्षेची हिंदी पुस्तकं ठेवायची. त्यांचंही चूक नव्हतं, मुलं हिंदीच वाचतात. हिरालालचा वेग मात्र महिन्याला चार.

उरलेली सहा त्यानं शेजारच्या तुळसाबाईंच्या नावावर लिहायला सुरुवात केली. वय पंच्याहत्तर, वाचनालयाची पायरी कधी चढलेली नाही.

तेव्हापासून रविवारच्या वंदनेत हिरालाल पंचशीलातली पहिली तीन शीलं खणखणीत म्हणायचा. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की खोकला. पाचवं पुन्हा खणखणीत.

डिसेंबर संपता संपता समितीचा नवा अध्यक्ष राजेंद्र यानं रजिस्टर चाळलं. तो परसवाड्याहून नुकताच राहायला आलेला, त्याला तुळसाबाई ठाऊक नव्हत्या.

"काका, ये तो कमाल है. सालभरात बहात्तर किताबें. चौदा जानेवारीला सत्कार करू. एका पुस्तकावर दोन शब्द बोलतीन त्या."

हिरालाल दोन दिवस नीट जेवला नाही. बोललं तर कपाट जातं, गप्प राहिलं तर सगळ्यांसमोर म्हातारीची फजिती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला. ती तांदूळ निवडत होती.

"काकू, तुमी बहात्तर पुस्तकं वाचली असं लिहलं मी."

सूप थांबलं. "मले इचारलं काहून नाही?"

हिरालालनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. ती पुढे म्हणाली,

"बँकेत, दवाखान्यात, जिथं तिथं मी सांगतो, चश्मा घरी राह्यला. कोनाले कळू देल्लं नाही आजवर. आता चारचौघात हाती पुस्तक देतीन, तं कोनता चश्मा सांगू?"

 तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "एक तरी वाचून दाखव आता."

त्यानं विहीर खणणाऱ्या माणसाची कादंबरी आणली. आठ दिवस दुपारी वाचन चाललं, पण पुढे सरकेना. तुळसाबाई प्रत्येक पात्राशी भांडायच्या. "याच्या बायकोले अक्कल हाये, याले नाही. थांब, तिचं बोलनं पुन्हा वाच."

चौदा तारखेला शाल आली, फुलं आली. तुळसाबाई उभ्या राहिल्या आणि त्या माणसाची गोष्ट अशी सांगितली, की मागे चहा वाटणारेही थांबले. माणूस विहिरीत अडकला, वरची माती ढासळली आणि त्या थांबल्या.

"पुढचं ठाव नाही. हिरालालनं इतलंच वाचून दाखवलं. मले वाचता येत नाही." शाल घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली.

राजेंद्रनं हिरालालकडे पाहिलं. हिरालालनं रजिस्टर काढलं, पट्टी लावली आणि तुळसाबाईंच्या नावावरच्या नोंदी एकेक करून खोडल्या. टायपिस्टच तो, रेघ कुठेही वाकडी नाही.

त्या महिन्याच्या पानावर त्याची तीन पुस्तकं आहेत आणि तुळसाबाईंच्या नावापुढे अर्धं. कपाटाचा निकाल पुढच्या बैठकीत लागेल. काय लागणार ते हिरालालला माहीत आहे. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं तिच्या दारात उभा राहिला, माफीचे शब्द जुळवत.

"पुस्तक कुठं हाये?" तिनं विचारलं. "कपाट जायच्या आधी आन. तो मानूस खालीच बसून हाये ना."