न जन्मलेल्या गाईंचं दूध

२०२२ साली माझं वय चौऱ्याहत्तर होतं आणि गावात कोणता गोऱ्हा वळू म्हणून राखायचा अन् कोणता खच्ची करून बैल करायचा, हे मीच सांगत होतो. शाळा तिसरीत सुटली. गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि "हा काही पुढे जात नाही" म्हणून सांगून टाकलं. मी गेलो नाही. त्यांना त्यासाठी मशीन लागली नव्हती.

माझी रीत साधी. वासराभोवती फिरायचं, कातडी चिमटीत धरून पाहायची, दात पाहायचे आणि अंगावरचे भोवरे पाहायचे. केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. कपाळावर असला तर लक्ष्मी, पाठीवर भलत्या जागी असला तर जनावर दारात नको. मी राखलेल्या मागच्या वळूच्या पोरी दूध चहापुरतं द्यायच्या, कधी तेवढंही नाही. पण चालायच्या अशा की माणूस चहा विसरून जाय. मुलीसाठी स्थळ पाहतानाही मी मुलाच्या बापाची चाल अन् आज्याचे दात पाहिले. बपेरा गावचा जावई असाच निवडला. तो काम करत नाही, पण दात पक्के आहेत.

त्या वर्षी दोन गोऱ्हे स्पर्धेत होते. एक माझा, पांढरा, उंच, मान अशी की जणू आमदार. दुसरा माझ्या चुलतभावाचा, भिंतीपलीकडचा. ढेरपोट्या, मागचे पाय एकमेकांना अडकणारे. मी निकाल देणार तेवढ्यात गुरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. ती पारावर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "बाबाजी, शेपटीच्या केसाच्या मुळात जनावराची सगळी कुळी असते. ज्या गाईंचं दूध मोजून ठेवलं आहे, त्यांच्या कुळीशी मशीन ती ताडून पाहते. मग या वळूच्या मुली किती दूध देतील, ते आधीच सांगते."

"म्हंजे तुमीबी केसच पाहता?"

"हो, एका अर्थी केसच."

"मंग एवढ्या शिकल्या कायले?"

सारा पार हसला. तीही हसली, आणि येत्या सोमवारी केस न्यायला येते म्हणाली.

सरकारी माणूस शेपटी तपासणार म्हटल्यावर आम्ही पोळ्यासारखी तयारी केली. बायकोने, आमच्या बुढीने, गोऱ्ह्याला साबण लावून धुतलं. मी शेपटीचा गोंडा कातरीने नीट कापला, खालून सफाचट, वर तेल. भिंतीपलीकडून कातरीचा आवाज आला तेव्हा समजलं की भाऊही मागे नाही. त्याने तर उगवत्या शिंगांना रंगही दिला.

बाई आली, शेपट्या पाहिल्या आणि थांबली. "केस कुठे गेले? मुळासकट उपटायला आता धरू काय?"

"तुमच्यासाठीच कापले जी," भाऊ म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. शेवटी दोन्ही गोऱ्ह्यांच्या कानाचा मसुराएवढा तुकडा काढून नेला. माझा गप उभा राहिला, भावाचा बोंबलला. हे लिहून घ्या म्हणून मी सांगितलं. तिने घेतलं नाही.

पुढे निकाल आला तेव्हा सारा गाव पारावर. बाईने सरळ सांगितलं, भावाचा गोऱ्हा वळू म्हणून चांगला, माझ्याच्या मुली दुधाला कमी पडतील.

मी म्हटलं, "मॅडम, याच्या पोरी जन्मल्या नाही अजून, अन् तुमी त्यायचं दूध मोजून राहिल्या?"

"मोजलं नाही बाबाजी, अंदाज आहे. पण तुमच्या अंदाजापेक्षा पक्का आहे."

"दादा," भाऊ म्हणाला, "भोवरा उलटा फिरला का जी?"

मी म्हटलं, "थांब. मॅडम, धान रोवण्याच्या टायमाले बांधीतल्या चिखलात कोणाची औलाद चालन, ते काय म्हणते मशीन?"

"ते तिला माहीत नाही. चिखलातली चाल कोणी मोजून ठेवलीच नाही. जे मोजलं नाही ते तिला सांगता येत नाही."

"मंग ते माह्यासारखीच झाली. मले दूध नाही समजत, तिले चिखल नाही समजत."

"फरक आहे," सरपंच म्हणाला. "मशीन तंबाखू नाही मागत. अन् दादा, चिखल आता ट्रॅक्टर करते. बैलाले कोण विचारून राहिलं?"

मी बुढीकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, एक शब्द बाजूने बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "अजी, घरी चहात टाकाले दूध नाही, अन् तुमी चालच पाहून राहिले."

ठरलं. गावात दोन वळू ठेवले तर निवडीला अर्थ उरत नाही, म्हणून माझा खच्ची करायचा. उद्या सकाळी बाई चिमटा घेऊन येणार. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईची गाडी यायच्या आधी मी गोऱ्ह्याच्या गळ्यात नवा दोर घातला आणि बपेऱ्याची वाट धरली. वाटेत सिहोऱ्यात टपरीवाल्याने विचारलं, "बाबाजी, शेपटीले काय झालं जी?" मी म्हटलं, "परीक्षेले बसला होता."

बपेऱ्यात व्याही अंगणातच होते. कुठून, कशाला, काही विचारलं नाही. गोऱ्ह्याभोवती एक फेरी मारली, कातडी चिमटीत धरली, कपाळावरचा भोवरा बोटाने चाचपला, ओठ वर करून पाहिलं.

"दात पक्के आहेत बापा," ते म्हणाले. "आमच्या गावाले वळू नाही. हाच राखू."

दुधाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. जावई खाटेवर पडून होता. त्याला उठवलं आणि दोर त्याच्या हातात दिला.