जालन्यातली बोट

आमच्या बीबी गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला तेव्हा मी पुण्याजवळच्या मरीन अकादमीत अजून शिकतच होतो. पांढरा युनिफॉर्म घातलेला मी, मागे कुठूनतरी उचलून चिकटवलेलं भलंमोठं जहाज, आणि खाली मजकूर : 'मरीन इंजिनिअर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मजकूर वडिलांचा होता. ते शाळेत क्लार्क होते, काना-मात्रेची चूक खपवून घ्यायचे नाहीत. 'झाल्याबद्दल' हा शब्द मात्र त्यांनी विचारपूर्वक लिहिला होता.

मेकॅनिकलची डिग्री झालेल्यांसाठी तो वर्षभराचा निवासी कोर्स. तो पुरा करायचा, ट्रेनी म्हणून जहाजावर लागायचं, ठरलेले महिने समुद्रावर काढायचे आणि मग सरकारी परीक्षा देऊन इंजिनिअरचं प्रमाणपत्र मिळवायचं. प्रवेशाच्या वेळी डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला, पडद्याचा रंग विचारला आणि सही केली. पडदा निळा होता. निळा मला बरोबर दिसतो.

वर्कशॉपचे सर जहाजावरून निवृत्त झालेले होते. लोखंडाचा तुकडा कानसीने घासून काटकोनात आणायचा, हा पहिला धडा. माझा तुकडा ते हातात घेत आणि न मापताच भंगाराच्या ड्रममध्ये टाकत. "परत." तळहाताचे फोड फुटले तरी "परत." एकदा 'का' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून गावाकडचं निघून गेलं, "काऊन सर?"

सगळं वर्कशॉप थांबलं. सरांनी मला स्टुलावर उभं केलं. "पुन्हा म्हण. मोठ्याने." मी म्हटलं. "जहाजावर कोरियन चीफ इंजिनिअर असेल, युक्रेनचा सेकंड इंजिनिअर असेल. त्यांना काऊन म्हणणार? तुम्हाला कोण पाठवतं रे इकडं?" मुलं हसली. त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. मेसमध्ये, परेडवर, सगळीकडे मी 'काऊन' झालो.

पण इंजिन मला यायचं. अकादमीच्या आवारात जमिनीवरच जहाजाची इंजिन रूम उभारली होती. तिथले पाइप मी बॅचमध्ये सगळ्यांआधी पाठ केले. मुलं नुसतं बघून सांगायची की हिरवा म्हणजे समुद्राचं पाणी, तपकिरी म्हणजे इंधन. मी प्रत्येक पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, कोणत्या पंपाला जाऊन मिळतो हे लक्षात ठेवायचो. सगळे असंच करत असतील असं मला वाटायचं. लहानपणी शेतात मिरच्या तोडताना लालबरोबर हिरव्याही तोडायचो आणि आई टोपली उलटी करून पाठीत धपाटा घालायची. "ध्यान कुठं राह्यते तुह्यं?" माझं ध्यान नसतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावला होता.

कोर्सच्या शेवटी एका कंपनीने माझी निवड केली. जहाजावर चढण्याआधी मुंबईत त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं.

"आकडा वाचा."

"कुठं आहे सर?"

त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. मग भराभर, पत्ते पिसल्यासारखी. मला नुसते ठिपके दिसत होते. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "इंजिनिअर व्हायला निघालाय आणि लाल-हिरवा कळत नाही? इथवर कोणी सोडलं तुम्हाला?" उत्तराची वाट न बघता त्यांनी दाराकडे बघून आवाज दिला, "नेक्स्ट."

अकादमीत सामान घ्यायला गेलो तेव्हा सर इंजिन रूमच्या दारात उभे होते. त्यांना कळलं होतं. ते मला आत घेऊन गेले, दोन पाइपांसमोर उभं केलं. "कुठला हिरवा?" मी बोट दाखवलं. "बरोबर. कसं ओळखलंस?" मी म्हटलं, "डावीकडचा समुद्राच्या पाण्याच्या पंपाला जातो." ते हसले. "म्हणजे वर्षभर पाठांतर. मला तू हुशार वाटला होतास." वर्षभरात त्यांनी माझं केलेलं एवढंच कौतुक.

वडिलांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाले सांगितलं?"

"कोनालेच नाही."

"सांगूही नको. घरी येऊ नको. जालन्यात उतर."

जालना आमच्या गावापासून एसटीने दीड-दोन तासांवर. वडिलांनी ओळखीने तिथल्या सळयांच्या मिलमध्ये मला मेंटेनन्सला लावलं, मागच्या गल्लीत खोली बघून दिली. दाराशीच उभं राहून म्हणाले, "बोटीवरचे पोरं जितके महिने घरी येत नाहीत, तितके महिने तूही येऊ नको. तुह्या मायलेही मी सांगितलं नाही. तिच्या पोटात काही टिकत नाही."

मग मी जालन्यात बोटीवर राहू लागलो. आमच्या भागातले लोक बाजाराला तिथे यायचे, म्हणून तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडायचो नाही. आईचा फोन आला की मी कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरायचो. ती ओरडून विचारायची, "जेवाले काय भेटते रे पाण्यावर? भाकर भेटते का?" मी म्हणायचो, "भात भेटते." गाव कोणतं विचारलं की बॅचमधल्या एका मुलाचं जहाज जिथे असेल ते बंदर सांगायचो. वर्कशॉपमध्ये तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. आता तो आपले फोटो मला पाठवायचा, खाली लिहायचा, 'काऊन, बघ.' ते फोटो मी वडिलांना पाठवायचो. एकदा सुट्टीवर आलो म्हणून घरी गेलो, तर वडिलांनी जालन्यातच विकत घेतलेली परदेशी चॉकलेटं माझ्या हाताने गल्लीत वाटायला लावली.

बहिणीचं लग्न साखरखेर्ड्याच्या शिक्षकांच्या घरात ठरलं. मुलीचा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, हे बैठकीत सगळ्यांत आधी सांगितलं गेलं. बस्ता बांधायला सगळे जालन्याला येणार होते. मी खोलीतून निघू नये असं वडिलांनी बजावलं होतं. पण मोटारची बेअरिंग आणायला मालकाने मलाच पिटाळलं.

साड्यांच्या दुकानासमोर आई उभी होती, आत्याबरोबर. आमच्यात एका रिक्षाएवढं अंतर होतं. गर्मीने रुमाल गळ्यात ओढलेला, अंगात तेलकट कपडे. आईने माझ्याकडे बघितलं. आधी चेहरा, मग पायांतल्या चपला, मग पुन्हा चेहरा. मी एक पाऊल पुढे टाकलं. तिने मान वळवली आणि आत्याला म्हणाली, "चला, आतमध्ये बसू. लय ऊन हाय."

मला वाटलं, तिने ओळखलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. "कुठं आली रे तुही बोट?" मी कुठलंसं बंदर सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

लग्नाला मला येऊ दिलं नाही. त्याऐवजी मांडवात मोठी स्क्रीन लावली. मी पांढरा बॉयलर सूट घालून कॉम्प्रेसरसमोर उभा राहिलो आणि अक्षता पडल्यावर व्हिडिओ कॉलवर हात हलवला. माइकवाला ओरडला, "नवरीचे भाऊ थेट समुद्रातून!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहीण स्क्रीनकडे बघून रडत होती आणि मला तिचं काही ऐकू येत नव्हतं. इकडे दारात मिलचे हेल्पर पोट धरून हसत होते.

पुढच्या आठवड्यात मी कोणाला न विचारता घरी गेलो. वडील शाळेत होते. आईने ताट वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "परत कधी जाशीन?"

"कुठं?"

"बोटीवर."

"आई, त्या दिवशी दुकानासमोर मी तुले दिसलो होतो."

"दिसला होता." तिने माझ्या ताटात भाकरी टाकली. "म्हणून तर विचारून राह्यली. पोरीचं आताच लग्न झालं. तू असा मधातच येत जाऊ नको."

मी भाकरी संपवली.

दुपारी वडील स्कूटरवर स्टँडला सोडायला आले. भेटेल त्याला सांगत होते, "अचानक बोट लागली, मुंबईले निघाला." कंडक्टर आमच्याच गावचा होता. वडिलांनी त्याच्याकडून माझं मुंबईचं तिकीट काढलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

गाव मागे पडल्यावर कंडक्टर माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने आवाज खाली घेतला. "जालन्याच्या स्टँडपर्यंत कायले जातं? मिलच्या फाट्यावर बेल मारतो ना."

"तुम्हाले कसं माहीत?"

"सगळ्यायलेच माहीत हाय बे," तो म्हणाला. "तुह्या बापाच्या तोंडून ऐकाले मजा येते, म्हणून विचारतात लोक."

फाट्यावर त्याने बेल मारली. मी उतरलो आणि सेकंड शिफ्टला हजर झालो.