चार महिन्यांच्या बाळाचा कोड

“वाच ना वं बाई, मन्हा नातूले काय व्हयनं व्हतं ते लिखेल शे ना?” मथुराअक्कांनी विचारलं आणि मी कार्ड वाचलं. तिथेच चुकलं.

जळगावच्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड रूमला आहे. पेशंटचा डिस्चार्ज ठरला की फाइलची पानं ओळीने लावायची, सही राहिली असेल तिथे चिठ्ठी चिकटवायची, वर वॉर्डात जाऊन सही आणायची. कोड घालायचं काम वैशाली मॅडमचं. प्रत्येक आजाराला एक ठरलेला नंबर असतो, त्याला कोड म्हणतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहायचं, मॅडमनी त्याचा कोड कॉम्प्युटरला द्यायचा. मग घरच्यांसाठी मराठीत कार्ड छापून येतं, ते मी वॉर्डात नेऊन देते. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मराठी भराभर वाचते.

कार्डावर होतं, ‘दूषित अन्नातून विषबाधा’.

मथुराअक्का शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. नातू चार महिन्यांचा. आला तेव्हा पाच दिवस शी नव्हती, पापण्या उचलत नव्हत्या, रडणं मांजरीच्या पिलासारखं, अंग ओल्या फडक्यासारखं. श्वासाचं मशीन लावलं. शी तपासायला बाहेर पाठवली, तेव्हा आजाराचं नाव कळलं, बॉट्युलिझम. तीन आठवडे तो आयसीयूत होता. सगळा मजला त्याला टिल्लू म्हणायचा. तो परत अंगावर प्यायला लागला तेव्हा सिस्टर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता मी ते वाक्य वाचलं होतं.

अक्का सुनेकडे वळल्या. “रोशनी, तुन्हं दूध सोडीसन तो काय खात व्हता? कायच नहीं. मंग अन्न कोणतं?”

रोशनी बाळाला पाजत होती. तिने बाळाला अंगावरून काढलं, ब्लाउजची बटणं लावली. “आत्याबाई, पावडरना डबा लई या,” एवढंच म्हणाली. बाळ ओठ हलवत राहिलं.

हे कार्ड गावात जाणार. घरोघर वाचलं जाणार. पोरीचं दूध विषारी ठरणार, आणि इतक्या कष्टाने प्यायला शिकलेलं बाळ उपाशी तोंडाने घरी जाणार.

ओपीडीच्या भिंतीवर एक पाटी आहे, ‘एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये’. मी रोज तिच्याखालून जाते. ती आठवली. माझं माहेर धुळ्याकडचं, म्हणून अक्कांशी त्यांच्याच बोलीत बोलले. “अक्का, बाळले गुटी देत व्हत्या का?”

“गुटी नहीं. मध. रोज सकायले एक बोट, मी सोता चाटाडू.”

“मंग डॉक्टरले का सांगं नहीं?”

“त्यास्नी इचारं, वरनं काय देतस का? मध काय वरनं शे? ते त औषध शे!” अक्कांनी पिशवीतून बाटली काढून दाखवली. “सातपुडाना शे, असली. घर गयात का परत चालू. ताकद नको का त्याले?”

मी जवळजवळ धावतच खाली आले.

वैशाली मॅडमनी ऐकून घेतलं. “यादीत दोन कोड आहेत गं. एक अन्नातून होणारा, एक तान्ह्या बाळांचा. फाइलमध्ये नुसतं नाव लिहिलंय आणि वर लिहिलंय, आईच्या दुधाशिवाय काही नाही. नुसत्या नावाला पहिला कोड लागतो.”

“पण मॅडम, वय चार महिने.”

“मला दिसत नाही का? पण मनाने कोड बदलला तर माझी नोकरी जाईल. बाळाच्या डॉक्टरसरांकडून लिहून आण.”

“मी?”

“मग काय कलेक्टरला पाठवू?”

सरांच्या दारात मी तीन पेशंट होईपर्यंत उभी राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, “काय, सही राहिली?”

“नाही सर. मध राहिला.”

बाटलीचं ऐकताच ते उठले. वर येऊन अक्कांच्या पलंगाशी बसले. म्हणाले, “अक्का, मोठ्यांना हा आजार होतो तेव्हा विष अन्नातच झालेलं असतं. तान्ह्याचं वेगळं. मधात कधी कधी एका जंतूचं बी असतं. तुमच्या-माझ्या पोटात ते रुजत नाही. बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतं आणि तिथेच विष करतं. दुधाचा काही संबंध नाही. दूध आहे म्हणून तो सावरतोय.”

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला बी रुजणं समजावून सांगावं लागत नाही. अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. “म्हंजे मीच...”

“तुम्ही मायेने दिलंत. माझ्या आजीनेही मला चाटवला होता. दर वेळी असं होत नाही. आता वर्ष होईपर्यंत थांबा.”

अक्कांनी डोळे पुसले, बाळाला उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. “पाज माय. चुकी मन्ही शे.”

रोशनीने पदर घेतला. बाळाचा चुटुचुटु आवाज सुरू झाल्यावर तिला पहिल्यांदा हसू आलं. “आत्याबाई, तो मध आते तुम्हीच खा. ताकद नको का?”

सरांनी फाइलमध्ये ‘तान्ह्या बाळाचा’ असं लिहिलं, मधाचंही लिहिलं. मॅडमनी कोड बदलला, जुनं कार्ड माझ्यासमोर फाडलं. नव्या कार्डाखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘आईचं दूध चालू ठेवावं’. ते मी अक्कांना दोनदा वाचून दाखवलं.

वरचं काही देता का, असं विचारलं की आपल्याकडची बाई छातीठोक नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. विचारायचं तर नाव घेऊन विचारावं. सरांनी ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये तशी ओळ घालायला सांगितली. मध, गुटी, साखरपाणी, अशी सगळी मिळून सात नावं झाली. त्यातली चार मी सांगितली. माझ्या दोन्ही पोरींना मी ती दिली होती.