चौतिसावा अनारसा

अमरावतीच्या सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले माझे सासरे, ज्यांना सारे गुरुजी म्हणत, अधिक श्रावणाच्या अमावस्येला सकाळी सात वाजता वारले. तार अकोल्यात दुपारी मिळाली. त्याच संध्याकाळच्या गाडीने मी त्यांच्याकडे निघणार होतो.

लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात त्यांनी मला रीतीप्रमाणे बोलावले. पितळी डब्यात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. इंग्रजांच्या लीप वर्षाचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले की उरलेले तास ते चौथ्या वर्षी एका दिवसात घालतात, आपण उरलेले दिवस तिसऱ्या वर्षी एका महिन्यात. "उरलेलं फेकता येत नाई, जावईबापू. कुठंतरी ठेवाच लागते." परतताना बडनेऱ्याला आम्ही अनारसे मोजले तर चौतीस भरले. सुशीला, माझी बायको, हसली. तिथे गाडी बदलली की ती डबा उघडून एक खाते, हे वडिलांना ठाऊक होते. एक तिचा.

दोन वर्षांनी सुशीला विषमज्वराने गेली. पुढच्या अधिक महिन्यात त्यांचे कार्ड आले. मी गेलो नाही... काय तोंड दाखवणार होतो? आठवड्याने गुरुजीच डबा घेऊन अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरगी गेली म्हनून तुमी जावई नाई राहिले का?" ते गेल्यावर मी डबा उघडला. चौतीस होते. त्यानंतर मी दर अधिक महिन्यात जात राहिलो. सासूबाई गेल्यावर तांदूळ भिजवण्यापासून सगळे ते स्वतः करू लागले. त्यांचे अनारसे तुपात फुटत, तरी त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिले नाहीत.

यंदा कार्ड महिन्याच्या सुरुवातीलाच आले. मी नोकरी करतो त्या साप्ताहिकाचे काम होते. महिना अजून बराच आहे, शेवटच्या दिवशी येतो, असे मी कळवले.

अमरावतीला पोचल्यावर गुरुजींच्या शेजारच्या काकूंनी सांगितले की आदल्या संध्याकाळी त्यांनी गुरुजींना विचारले होते, जावई अजून कसा आला नाही. "महिना कुठं सरला अजून?" एवढेच ते म्हणाले होते.

डबा देवाजवळ होता, फडक्यात बांधलेला. तेराव्यानंतर काकूंनी तो माझ्या हाती दिला. बडनेऱ्याला गाडी बदलल्यावर मी तो उघडला आणि मोजले. चौतीस होते.