मास्तरांनी दादांसाठी आणलेलं टेबल

क्लबच्या रखवालदाराचा फोन आला की टेलरमास्तर कात्री खाली ठेवायचे, समोरच्या गिऱ्हाइकाला "बसा, आलोच" म्हणायचे आणि गळ्यातला टेपसुद्धा न काढता निघायचे. गिऱ्हाईक जरा वेळ बसायचं, मग उठून दुसऱ्या शिंप्याकडे जायचं. अर्ध्या मापावर टाकलेला माणूस पुन्हा कशाला येतोय? मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण क्लबच्या फाटकाशी त्यांचे थोरले भाऊ उभे असायचे. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग आणि चेहऱ्यावर कामाला उशीर झालेल्या माणसाची घालमेल.

"धाकट्या, हा मला आत सोडत नाही रे. साहेब लोक खोळंबले असतील."

"आज सुट्टी आहे, दादा."

"मग आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून दादा निमूट घरी यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

दादांनी त्या क्लबात मार्कर म्हणून उभा जन्म काढला. पूल म्हणजे काठीने चेंडू ढकलायचा खेळ, त्या टेबलाचं कापड झाडायचं, चेंडू मांडायचे, काठ्या पुसायच्या, साहेब लोकांचे गुण फळ्यावर लिहायचे आणि कुणी हरलंच तर "आज हवा दमट आहे, साहेब" म्हणून त्याची लाज राखायची, हे मार्करचं काम. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरात पुढच्या खोलीत एक पलंग, पलंगाखाली एक पेटी, एवढाच संसार. निवृत्त झाले आणि काही वर्षांत डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि "एकटं सोडू नका" असं बजावलं. सोडत होतं कोण? पुढचं दार लावलं की दादा मागच्या दाराने निसटायचे, मागचं लावलं की पुढच्या. दोन्ही लावली तर असे धक्के मारायचे की शेजारीण विचारायची, "घरात मारामारी चाललीय का हो?"

मग एक दिवस रखवालदाराचा फोन आलाच नाही. दादा सापडले मोठ्या रस्त्याच्या मधोमध, एका पायात चप्पल, दोन्हीकडून गाड्या. त्या दिवसापासून मास्तर शिलाई मारता मारता मध्येच उठून दुकानाच्या दारातून रस्ता बघायचे. आज सापडले, उद्या गाडीखाली सापडतील.

त्यातच रखवालदाराने बातमी दिली. क्लबातली पूलची खोली बंद होऊन कैक महिने झाले होते, आता तिथे व्यायामाची यंत्रं येणार होती. "टेबल काढून टाकतायत. दादांच्या हातचं टेबल. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही न्या."

मास्तरांना एकदम उजाडल्यासारखं झालं. दादा क्लबात कुठे जातात? दादा टेबलापाशी जातात. टेबलच घरी आलं तर माणूस बाहेर जाईल कशाला? हिशेब सरळ होता. सरळ हिशेबांचं हेच तर असतं, पटकन पटतात.

बायकोला मात्र पटला नाही. "अहो, माणूस सांभाळायचा म्हणून हत्ती बांधताय घरात? ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

"पुढच्या खोलीत."

"आणि भाऊजींचा पलंग?"

"आतल्या खोलीत, आपल्या कपाटाशेजारी. पलंग काय, कुठेही मावतो."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि खोलीचं माप घेतलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मग क्लबात जाऊन टेबलाचं. चारी बाजूंनी चांगली माया सुटत होती. जाडजूड माणूससुद्धा आरामात फिरेल एवढी. आयुष्यभर हात खाली सोडून ताठ उभ्या राहिलेल्या माणसांची मापं घेतलेला शिंपी तो. त्याने माणूस उभा मोजला आणि खूश झाला.

टेबल आलं त्या दिवशी दादांना शेजाऱ्याबरोबर न्हाव्याकडे पाठवलं. टेबल जोडणारा फिटर आपली माणसं घेऊन आला. टेबल तुकड्यातुकड्यांनी आत आलं, आधी पाय, मग चौकट, मग तीन काळ्या लाद्या. एकेक लादी उचलताना माणसांच्या मानेच्या शिरा फुगत होत्या.

"हे काय? दगड?" बायको ओरडली. "लाकडाचं टेबल आणायचं सोडून दगड आणलात?"

"वहिनी, सगळ्या चांगल्या टेबलांच्या पोटात दगडच असतो," फिटर म्हणाला. "म्हणून तर चेंडू सरळ जातो."

"चेंडू सरळ जाऊ दे हो. आमची फरशी खचली तर आम्ही कुठे जायचं?"

फिटरने लाद्यांच्या सांध्यात मेण भरलं, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर थांबेना. खोली मोरीच्या बाजूला उतरती होती, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फिटर पायाखाली घालायला काहीतरी शोधू लागला तशी मास्तरांनी दुकानातून कॉलर कडक करायचं बकरम आणलं. घडी घालून पायाखाली सरकवलं, बुडबुडा जागेवर आला. मास्तरांचा चेहरा फुलला. जुनं कापड विरलं होतं, नवं हिरवं ताणायलाही ते पुढे सरसावले.

"ओढा, अजून ओढा," फिटर म्हणाला. "मास्तर, हे टेबल जेवून उठणार नाहीये. सैल नाही ठेवायचं."

सगळं झाल्यावर फिटरने काठी उचलली, वाकला, नेम धरला आणि हात मागे घेतला. ठक! काठीचं बूड भिंतीवर. दुसऱ्या बाजूने गेला. ठक! दाराची चौकट. तिसरीकडे खिडकीची काच, तिथे त्याने प्रयत्नच केला नाही.

"मास्तर, काठीचं माप कुणी घेतलं होतं?"

मग बायकोला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली, आणि हसता हसताच डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. एवढा डोंगर घरात आणून ठेवला, आणि त्यावर खेळता येत नव्हतं.

"आखूड काठ्या मिळतात," फिटर जरा ओशाळून म्हणाला.

"असू दे," मास्तर म्हणाले. "दादांना कुठे खेळायचंय? ते मार्कर आहेत. त्यांना मांडायचंय."

आणि खरंच तसं झालं. दादा न्हाव्याकडून आले, उंबऱ्यात थबकले, मग सरळ टेबलापाशी गेले. कापडावरून तळहात फिरवला, लव कुठल्या बाजूला झोपते ते पाहिलं, ब्रश घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडत गेले. शर्टाची बटणंही ज्या हातांना अलीकडे जमत नव्हती, त्या हातांनी चेंडू त्रिकोणात असे बसवले की एक हलेना. दुपार झाली, दुपार टळली. चपला कोपऱ्यात तशाच राहिल्या. मास्तर दारातून बघत होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पाठ भिंतीला टेकवली.

बायको चहा घेऊन आली. "भाऊजी, चहा."

"टेबलाजवळ नको, बाई. कापडावर डाग पडतो."

बाई? दादा तिला नेहमी नावाने हाक मारायचे. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मानेनेच सांगितलं, जाऊ दे. मग मास्तर पुढे झाले.

"काय दादा, कसं काय टेबल?"

"या साहेब. मोकळंच आहे. एकटेच खेळणार?"

थट्टा आहे असं समजून मास्तर हसले. काठी घेतली, वाकले. ठक! चेंडू भलतीकडेच गेला.

"खोलीच जरा अडचणीची आहे, साहेब," दादा हळूच म्हणाले. "तुमच्या हाताचा दोष नाही."

मास्तरांनी दादांच्या डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती.

दिवेलागण झाली तसं दादांनी टेबल झाकलं, हात पुसले, भांग पाडला आणि चपला शोधायला लागले. संध्याकाळी त्यांना बाहेर जायचं कधी सुचलं नव्हतं. क्लबाचा घोर दुपारचा. संध्याकाळी ते आपल्या पलंगावर बसून जेवायचे आणि लहान मुलासारखे झोपायचे.

"निघतो, साहेब. घरी वाट बघत असतील."

"दादा, हेच घर. मी धाकटा. बघा की नीट."

दादांनी खोलीभर नजर फिरवली. पलंग नाही, पेटी नाही. मध्ये टेबल. ते मंद हसले, साहेब लोकांच्या विनोदाला मार्कर हसतो तसे. "साहेब चेष्टा करतात."

बायकोने पुढे होऊन हात धरला, तर संकोचून मागे सरले. मग मास्तरांना आणखी एक युक्ती सुचली. त्यांनी दादांना बाहेर काढलं, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणलं. "आलं घर, दादा!" दादा बसले. ताटाकडे बघून त्यांचा चेहरा निवळला. पहिला घास घेतला, पाणी प्यायला मान वर केली, आणि मधल्या दारातून त्यांना झाकलेलं टेबल दिसलं.

पेला हातातून सुटला. "मी अजून इथेच?" आता चेहऱ्यावर हसू नव्हतं, भीती होती. "साहेब, घरी जाऊ द्या मला. माझं काही चुकलं का?"

"काढा ते टेबल!" बायको रडकुंडीला आली. "आत्ताच्या आत्ता काढा!"

मास्तरांनी फिटरला फोन लावला. फिटर म्हणाला, दगड उचलायला माणसं हवीत, ती आठवडाभर दुसऱ्या कामावर आहेत. आणि काढून नेणार तरी कुठे? क्लबात आता यंत्रं बसणार. मास्तरांनी टेबलाच्या कडेला खांदा लावून पाहिला. टेबल ढिम्म हललं नाही. पाणसळीने लावलेलं, बकरमावर बसवलेलं, चोख उभं होतं.

तोवर दादा पुढचं दार उघडून पायरीवर जाऊन बसले होते. मास्तर धावत आले आणि शेजारी टेकले.

"आत चला, दादा. गार वारा सुटलाय."

"तुम्ही जा, साहेब. माझा भाऊ येईल न्यायला. शिंपी आहे तो. गिऱ्हाईक टाकून येतो बिचारा."

मीच तो, असं सांगून झालं होतं. मोठ्यानेही सांगून झालं होतं.

"मी थांबतो तुमच्याबरोबर," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला उशीर होईल."

"होऊ दे."

दादांनी सरकून त्यांना नीट जागा करून दिली. म्हणाले, "येईलच आता. त्या वळणावरून येतो." आणि दोघेही भाऊ त्या वळणाकडे बघत बसले.