तिसऱ्या मजल्यावरची स्कॉलरशिप

आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातली तीन दिवसभर उघडी. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. चपलांसारखे ते पॅसेजमध्येच साचतात. मला लोक चोंबडी म्हणतात. म्हणू देत! मी कुणाच्या घरात डोकावत नाही, फक्त माझ्या दारात उभी राहते. आता समोरचं दार उघडं असेल तर मान कुठं वळवायची, तुम्हीच सांगा.

समोर गायकवाड. भाऊजी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, सुनंदा घरी ब्लाउज शिवते, आणि एकुलती एक प्रज्ञा. तीही चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत इंजिनीअर. जुन्या बॅटऱ्यांचं पुढं काय करायचं हे शिकायला तिला जर्मनीला जायचं होतं, तेही पूर्ण स्कॉलरशिपवर. फी, राहणं, जेवण, विमा, विमानाचं तिकीट, सगळं त्यांचं! मागच्या वर्षी मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली होती. यंदा तिनंच सांगून टाकलं, "पूर्ण मिळाली तर जाईन. नाहीतर विषय बंद, पुन्हा कुणी काढायचा नाही."

तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना, आणि मला दारात जास्त वेळ उभं राहावं लागे.

*

"फुल्ली फंडेड" म्हणजे काय ते मी आमच्या ह्यांना समजावून सांगितलं. हे मूळ मोशी गावचे. फुकट म्हटलं की ह्यांचे कान टवकारतात.

"फुकट कोन देतंय व्हय? त्या जर्मनीवाल्यांना काय मिळनार यातनं?"

"हुशार मुलगी मिळेल."

"मंग पोरगी गेली म्हना की!"

हे वाक्य मी दोन दिवस सुनंदाला सांगितलं नाही. दोन दिवस! माझ्यासाठी तो उपासच. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. ती मशीनवर होती. पाय थांबले नाहीत तिचे, पण दोरा तुटला.

*

अर्जात एक निबंध होता. तुम्ही नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग लिहा. प्रज्ञा चार दिवस कोऱ्या लॅपटॉपसमोर.

"काकू, मी आयुष्यात कधी नेतृत्वच केलं नाही हो!"

"अगं, पाण्याचं लिही की! उन्हाळ्यात मी सगळ्या बायका घेऊन चेअरमनच्या दारात गेले होते, ते."

"ते तुम्ही केलं. मी कुठं?"

"तू चार्ट केलास ना? कुठल्या विंगला किती वाजता पाणी, ते लिफ्टमध्ये चिकटवलंस. नंतर कुणी भांडलं?"

"नाही."

"मग नेतृत्व कुणाचं?"

पोरगी विचारात पडली. टाइप करायला लागली. मग थांबून म्हणाली, "पण काकू, मग तुम्ही काय केलं होतं?"

आतून सुनंदाचा आवाज आला, "शोभाताई भांडण पुरवत होत्या!"

*

आता शिफारसपत्राची गंमत. म्हणजे आज गंमत, तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

हे पत्र प्रज्ञानं न्यायचं नव्हतं. स्कॉलरशिपवाले थेट तिच्या साहेबांना मेल पाठवणार, त्यातली लिंक उघडून साहेबांनी लिहायचं. साहेबांनी तोंडभरून "नक्की!" म्हटलेलं. पण तीन आठवडे झाले, पत्राचा पत्ता नाही. रोज आठवण केली की साहेब म्हणत, "अजून काही आलंच नाही गं."

कारण असं की कंपनीची आयटीवाली मंडळी मुद्दाम खोटे मेल पाठवून कोण फसतं ते बघतात. साहेब एकदा फसले होते, आणि शिक्षा म्हणून ट्रेनी पोरांच्या शेजारी बसून त्यांना अख्खं ट्रेनिंग घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून परदेशी मेल दिसला की साहेब तो न वाचताच आयटीला कळवून उडवायचे.

शेवटच्या तारखेला एक दिवस उरला. प्रज्ञा कॅंटीनमध्ये ताट घेऊन उभी, समोर नोटीस बोर्ड. त्यावर हार घातलेला साहेबांचा फोटो! "महिन्याचे सतर्क कर्मचारी." म्हणे एकच संशयास्पद मेल तीनदा आला आणि साहेबांनी तीनही वेळा तो रिपोर्ट केला. खाली सगळ्यांच्या माहितीसाठी त्या मेलची प्रिंट डकवलेली. त्यात प्रज्ञाचं नाव!

ती ताट तसंच घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ते फ्रॉड मी आहे."

*

पत्र त्याच दुपारी गेलं. महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन होती, आणि दिवस आपला आपण निवडायचा होता. प्रज्ञानं गुरुवार निवडला. का, तर गुरुवारी कंपनीला सुट्टी, रजा मागायला नको.

आदल्या संध्याकाळी ती मला हे सांगत होती आणि माझ्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

"अगं बाई, गुरुवारी कंपनीला सुट्टी का असते?"

"का म्हणजे... दर गुरुवारी सगळीकडची लाइट जाते म्हणून."

पोरगी पांढरीफटक! दोन डिग्र्या घेतलेली मुलगी, जन्म या पट्ट्यात गेला, आणि गुरुवारी मुलाखत! तारीख बदलायची मुदत संपलेली.

मी तशीच खाली अस्लमभाईंकडे. त्यांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. म्हणाले, "दीदी, मेरी दुकान में अंधेरा? बेइज्जती मत करो!"

दुसऱ्या दिवशी लाइट दहालाच गेली. प्रज्ञा दुकानात, मागं छतापर्यंत बॅटऱ्या. मी बाहेर स्टुलावर बसून गिऱ्हाइकं परतवत होते. एका माणसानं हॉर्न वाजवला तर मी असं बघितलं, की त्यानं गाडी ढकलत नेली.

आत स्क्रीनवरच्या गोऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही लॅबमध्ये आहात का? प्रज्ञानं खरं ते सांगितलं: लाइट गेलीय, हे शेजाऱ्यांचं दुकान आहे. मग बाई म्हणाल्या, या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्या पुढं कुठं जातात? प्रज्ञानं अस्लमभाईंनाच कॅमेऱ्यात ओढलं. ते हिंदीत सांगणार, ही इंग्रजीत. कोण गोळा करतं, कुठं फोडतात, ॲसिड कुठं ओततात, सगळं. वीस मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली!

बाहेर आल्यावर अस्लमभाईंचा चेहरा उतरलेला.

"दीदी, टेन्शन हो गया. गलती से मुझे बुला लिया तो दुकान कौन देखेगा?"

*

मग वाट बघणं. ते मेलं सगळ्यात वाईट. प्रज्ञा जेवताना फोन उलटा ठेवायची आणि दर घासाला सुलटा करायची. सुनंदानं एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

भाऊजी बोलायचे नाहीत. पण कंपनीच्या गेटवर बोर्ड असतो ना, "अपघाताशिवायचे दिवस", तसा त्यांनी फ्रिजवर एक छोटा बोर्ड लावला. "उत्तराशिवायचे दिवस". रोज फर्स्ट शिफ्टला निघताना आकडा बदलायचे. सतरा. अठरा. एकोणीस. तो आकडा बघून मलाच धाप लागायची.

मी आपली रोज सकाळी दारातून, "आलं का गं काही?"

सदतिसाव्या दिवशी बघते, तर बोर्डावर खाली प्रज्ञाच्या अक्षरात नवी ओळ:

"काकूंनी न विचारलेले दिवस : ०".

*

मेल आला तो रविवारी सकाळी. मी वाटीभर दही मागायला गेले होते. खरंच दहीच हवं होतं!

प्रज्ञा स्क्रीनकडे बघत होती, बघतच राहिली. मग खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली. "मिळाली," म्हणाली. "पूर्ण."

भाऊजींनी चष्मा लावला. "मोठ्यानं वाच. एकेक आयटम."

"फी."

"ओके."

"राहणं, जेवण."

"ओके."

"विमा."

"ओके." प्रत्येक ओकेला त्यांचा आवाज बारीक होत चाललेला.

"जाण्याचं तिकीट. येण्याचं तिकीट."

भाऊजींच्या तोंडून ओके निघेना.

सुनंदा मशीनवरून उठली. वर्षभरात या विषयावर ती जा म्हणाली नव्हती की नको म्हणाली नव्हती.

"येण्याचं कधीचं आहे?"

"तारीख नाही त्यात, आई. ती रिकामी ठेवलीय. नंतर ठरवायची."

सुनंदानं मशीनचा ड्रॉवर उघडला. मापं लिहायचं पेन काढलं, पदराला पुसलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"आत्ताच घाल."