बंद होऊन राहिलं होतं

एका मेलेल्या मुलावर मी ठपका आणला होता, आणि तोही शुद्ध मराठीत. तेव्हा मी लग्न होऊन पुण्याहून नागपुरात आलेली, कुहीच्या कचेरीत नवी कारकून. नाक इतकं वर, की पायाखालची पायरी दिसू नये.

कुहीजवळ धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कडेच्या झाडाला आदळून शिकाऊ विमान पडलं. आत एकटाच मुलगा, उडवायला शिकणारा. तो गेला. सगळ्यांत जवळून पाहिलं ते तिथे बायांबरोबर कामाला असलेल्या शेवंताबाईंनी. चौकशीचे साहेब दूर दक्षिणेकडचे. तेव्हा बाईंचा जबाब मी मराठीत घ्यायचा आणि मग त्याचं इंग्रजी व्हायचं, असं ठरलं.

शेवंताबाई उंच, हाडापेराने दणकट. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "बसत नाही वं. बसलं का माणूस खोटं बोलते." मग सांगू लागल्या, "इमानाचा आवाज बंद होऊन राहिला होता, मंग येऊन राहिला होता..."

"एकच काय ते सांगा. बंद होऊन राहिला होता ना?"

"हो ना वं!"

मी लिहिलं, 'इंजिन आधीपासून बंदच होतं.' इकडे 'होऊन राहिलं' म्हणजे 'होत होतं', हे मला ठाऊक नसावं? महिन्याभरापूर्वीच सासूबाई "मी जेवून राहिली" म्हणाल्या आणि मी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं! तरी अक्कल आली नव्हती.

चौकशीत सूर निघाला, पोराने मस्तीत स्वतःच इंजिन बंद केलं असावं. त्याचे वडील ती जागा पाहायला आले. शेवंताबाईंनी त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी हात जोडून विचारलं, "माझ्या मुलाबद्दल असं का सांगितलंत?"

बाई तडक कचेरीत. "काहून वं मॅडम, मी असं कवा म्हणलं?"

मी ऐटीत जबाब वाचून दाखवला.

"अवं, बंद होतं नाही! बंद होऊन राहिलं होतं! दमेकऱ्याचा श्वास तुटते, पुन्हा लागते, तसं. मेलेल्या पोट्ट्यावर आळ घेतं?" आणि कचेरीतल्या पुरुषांकडे वळून, "या पुणेवालीले कोणी मराठी शिकवा गा!"

कोणी हसलं नाही. मी निमूट कोरा कागद पुढे ओढला.

दुसरा जबाब झाला. इंजिन उघडून पाहणाऱ्यांनाही बिघाड सापडला. मुलाची चूक नव्हती, असं अहवालात आलं. आणि मी, शहाणी, पेढे घेऊन शेवंताबाईंकडे गेले! त्यांनी पुडा उघडलासुद्धा नाही.

पुढे आमचं येणं-जाणं वाढलं. नवे तांदूळ घेऊन त्या नागपूरला यायच्या, माझ्या मराठीची नक्कल करून माझ्या मुलांना हसवायच्या. एकदा गच्चीवर आम्ही दोघी पापड घालत होतो. वरून विमान गेलं. शेवंताबाई चटकन उठल्या आणि गच्चीच्या मधोमधून कडेला सरकून कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आवाज विरेपर्यंत तशाच. हातातली लाटी बोटांत चिरडली गेली होती.

"काय वं बाई," मी थट्टेने म्हटलं, "विमानाला वाट देता होय? आता कसली भीती? सुटला ना तो पोरगा आळातून?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाकी बाया पळाल्या, मी बांधीत मधातच उभी होती वं. मले पाहून त्यानं इमान झाडाकडे वळवलं. हे त्याच्या मायले कोण्या तोंडानं सांगू?"